मागचं मिसकॅरेज आणि आताची पहिली सोनोग्राफी: कधी जावं?

कातरवेळ

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

गेल्या दिवाळीनंतर माझं मिसकॅरेज झालं. पहिलीच खेप होती. टेस्ट पॉझिटिव्ह आली त्याच आठवड्यात आम्ही सोनोग्राफीला गेलो होतो. नुसती सॅक (गर्भाभोवतीचं आवरण) दिसली. "अजून लवकर आहे, आठवड्यानं या." पुढच्या वेळी छोटंसं काहीतरी दिसलं, ठोके होते पण मंद होते. पुन्हा आठवडा थांबा. तिसऱ्या वेळी ठोके नव्हते. मग गोळ्या, तरी थोडं राहिलं म्हणून क्युरेटिंग. शरीर सावरलं, पण त्या मधल्या आठवड्यांची आठवण अजून पोटात कालवाकालव करते.

आता पुन्हा दिवस राहिलेत. तारखेप्रमाणे पाचवा आठवडा संपत आलाय. आमच्या डॉक्टर म्हणाल्या, "सहा पूर्ण झाल्यावर ये, नाहीतर थेट आठव्यात ये. तुला मनाला झेपेल तसं." नवरा म्हणतो उद्याच जाऊन बघून येऊ. साबा (सासूबाई) म्हणतात पहिले तीन महिने मशिनखाली जायचंच नाही. मला दोघांचंही पटतं आणि दोघांचंही पटत नाही.

मला खरंच कळून घ्यायचं आहे की लवकर बघितल्यामुळे काही वाचवता येतं का? की फक्त आपल्याला लवकर कळतं? आणि तसं असेल तर लवकर कळलेलं बरं की उशिरा?

मनस्विनी७

कातरवेळ, घट्ट मिठी. अभिनंदनही म्हणते, कारण अशा वेळी ते म्हणायचं सगळेच विसरतात.

बाकी बोलण्याआधी विचारते: पोटात एका बाजूला दुखतंय का? स्पॉटिंग? आधी कधी ट्यूबमध्ये (गर्भनलिकेत) गर्भ राहिला होता का? ट्यूबचं किंवा पोटाचं ऑपरेशन? यातलं एक जरी हो असेल तर धाग्यावर मतं गोळा करत बसू नकोस, आजच डॉक्टरांना फोन कर. आणि तुझी पाळी नेमकी किती दिवसांची असते?

कातरवेळ

दुखत नाहीये, स्पॉटिंगही नाही. ऑपरेशन वगैरे काही झालेलं नाही. पाळी लांबते माझी, तेहतीस ते पस्तीस दिवस. रक्तगट बी पॉझिटिव्ह.

ध्वनिलहरी

मी कोल्हापुरात रेडिओलॉजिस्ट आहे. हा प्रश्न माझ्या टेबलवर रोज येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला तपासलंय, मी नाही. त्यामुळे शेवटचा शब्द त्यांचा.

आधी तारखांचं. आपण आठवडे मोजतो ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, आणि त्यात पाळी अठ्ठावीस दिवसांची आहे असं गृहीत धरलेलं असतं. तुमची पाळी पस्तिशीची असेल तर स्त्रीबीज साधारण आठवडाभर उशिरा बाहेर पडतं. म्हणजे कॅलेंडरवर पाच आठवडे भरत आले असले तरी गर्भाच्या हिशोबानं तुम्ही आत्ता कुठे चार ओलांडताय. मागच्या खेपेला पहिल्याच वेळी "नुसती सॅक" दिसली त्यात निदान थोडा भाग या हिशोबाचा असणार. ती सॅक दिसणं त्या वेळी वाईट लक्षण नव्हतं.

आता कधी काय दिसतं ते. आतून, म्हणजे खालून केलेल्या सोनोग्राफीत साडेचार-पाच आठवड्यांच्या सुमाराला सॅक दिसायला लागते. साडेपाचच्या आसपास तिच्यात योक सॅक, म्हणजे गर्भाला सुरुवातीला पोसणारी छोटी पिशवी, एखाद्या बारीक अंगठीसारखी. सहाच्या आसपास गर्भ आणि ठोके. पोटावरून केलं तर हेच सगळं साधारण आठवडाभर उशिरा दिसतं, म्हणून लवकरच्या तपासणीला आतून करावं लागतं. त्यानं गर्भाला धक्का लागत नाही, मिसकॅरेज होत नाही. हे मी रोज सांगते आणि रोज कुणाच्या तरी चेहऱ्यावरचा ताण उतरताना बघते.

या वयात गर्भ दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. सात आठवड्यांना तो एक सेंटिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे सहाव्यात आणि सातव्यात आम्हाला दिसणाऱ्या गोष्टींत केवढा फरक पडतो बघा. ठोके सुरुवातीला मिनिटाला शंभरच्या आसपास असतात आणि नवव्या आठवड्यापर्यंत १७० च्या घरात जातात. त्यामुळे अगदी सहाव्यात "मंद" दिसले तर नेमका अर्थ लावणं आम्हालाही अवघड जातं.

"ठोके नाहीत, गर्भ राहिला नाही" असं ठामपणे म्हणायला आमचे निकष कडक आहेत, आणि ते मुद्दाम कडक ठेवलेले आहेत. आतून केलेल्या तपासणीत गर्भाची लांबी ७ मि.मी. किंवा जास्त असूनही ठोके नाहीत, किंवा सॅकचं सरासरी माप २५ मि.मी. किंवा जास्त असूनही आत गर्भ नाही, तरच एका तपासणीत तसं म्हणता येतं. त्याच्या अलीकडचं काहीही असेल तर सात ते चौदा दिवस थांबून पुन्हा बघायचं. घाईनं चुकीचं निदान होऊन वाढणारी प्रेग्नन्सी हातची जाऊ नये म्हणून हे आहे. तुम्हाला सांगितलेलं "आठवड्यानं या" त्यातूनच आलेलं असतं. टेबलवर पडलेल्या बाईला ते किती जड जातं हे आम्हाला दिसतं, पण त्या दिवशी ते खरं उत्तर असतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. लवकर बघितल्यानं गर्भ वाचतो का? नाही. सुरुवातीच्या मिसकॅरेजपैकी निम्म्याच्या आसपास, काही अभ्यासांत त्याहून जास्त, गुणसूत्रांच्या दोषामुळे होतात. ते गर्भधारणेच्या वेळीच ठरलेलं असतं. सोनोग्राफी ते बदलत नाही, बेड रेस्ट बदलत नाही, जिना चढणं-उतरणंही बदलत नाही.

पण सोनोग्राफीनं काही गोष्टी नक्की कळतात. गर्भ पिशवीतच आहे ना, की ट्यूबमध्ये. एक की जुळे. खरं वय किती, म्हणजे पुढे ११ ते १४ आठवड्यांमधली एनटीची (बाळाच्या मानेमागची जाडी मोजायची) तपासणी योग्य वेळी होते. आणि ठोके.

तुमच्यासारख्या बाईला, म्हणजे दुखणं नाही, रक्तस्राव नाही, आधी ट्यूबमध्ये राहिलेलं नाही, पाळी लांबणारी, मी घरच्या माणसासारखं सांगीन की उद्या जाऊ नका. गर्भाच्या हिशोबानं सात पूर्ण होऊ द्या, म्हणजे तुमच्या कॅलेंडरवर आठ. त्या दिवशी "कळत नाही, परत या" हे उत्तर मिळण्याची शक्यता बरीच कमी असते.

आंबोली

ध्वनिलहरी, इतकं स्वच्छ आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आभार.

चांदणवेल

मी दुसऱ्या बाजूनं लिहिणार आहे, आणि जरा जोर देऊन लिहिणार आहे.

माझी दुसरी खेप ट्यूबमध्ये राहिली होती. मलाही सगळ्यांनी "थांब, लवकर बघू नकोस, मनाला त्रास होतो" असंच सांगितलं. मी थांबले. सातव्या आठवड्यात ऑफिसात चक्कर येऊन पडले. खांद्याच्या टोकाला विचित्र दुखत होतं, मला वाटलं पंख्याखाली झोपल्यामुळे अवघडलंय. पोटात रक्त साचलं होतं. ट्यूब काढावी लागली.

म्हणून ज्यांना आधी ट्यूबमध्ये राहिलं आहे, ट्यूबचं ऑपरेशन झालं आहे, आत इन्फेक्शन होऊन गेलंय किंवा आयव्हीएफ केलंय, त्यांनी "आठव्यात जावं" हे वाक्य स्वतःला लावून घेऊ नये. त्यांनी सहाव्याच्या सुमाराला जायलाच हवं, त्याही आधी डॉक्टर म्हणतील तेव्हा. आणि कुणालाही, कितवाही आठवडा असो: पोटात एका बाजूला तीव्र दुखणं, खांद्याच्या टोकाला दुखणं, घेरी, घाम फुटणं, यातलं काही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करायचा.

कातरवेळ, तुला घाबरवायचं नाहीये. तुझ्यात यातलं काही दिसत नाही. पण हा धागा पुढे अनेकजणी वाचतील.

ध्वनिलहरी

चांदणवेल, शंभर टक्के अनुमोदन. माझं "आठव्यात" फक्त कातरवेळ यांच्यासाठी होतं. ट्यूबचा इतिहास असेल तर पहिल्या तपासणीचं काम ठोके बघणं नसतं, जागा बघणं असतं, आणि त्याला थांबून चालत नाही. शंभरात एक-दोन गर्भधारणा पिशवीबाहेर राहतात. काहीजणींत आधी कुठलंच कारण सापडत नाही, म्हणून ती लक्षणं सगळ्यांनी लक्षात ठेवावीत.

शुभ्रा_के

मला मात्र दर आठवड्याला जावं लागलं. लागलं म्हणजे कुणी सांगितलं नव्हतं, मला राहवत नव्हतं. दोन मिसकॅरेजनंतरची खेप होती. सहाव्यापासून बाराव्यापर्यंत जात राहिले. आमच्या डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "याचा बाळाला औषध म्हणून काही उपयोग नाही. पण तुला झोप लागणार असेल तर ये." मला झोप लागायची. चारेक रात्री लागायची, मग पुन्हा पोटात गोळा यायचा. पण त्या चार रात्री माझ्यासाठी फार मोठ्या होत्या.

माझा मुलगा आता शाळेत जातो. त्या सोनोग्राफ्यांमुळे तो आला असं मी म्हणत नाही. त्या काळात मी माणसात राहिले ती त्यांच्यामुळे, एवढं मात्र म्हणते. त्यामुळे "कशाला सारखं बघायचं" असं कुणाला पटकन बोलू नये असं मला मनापासून वाटतं.

मनस्विनी७

शुभ्रा, पटलं. पण याची दुसरी बाजू माझ्या बहिणीत बघितली. ती दर वेळी बाहेर येताना आनंदात असायची, आणि घरी पोचेपर्यंत "उद्या असेल का?" सुरू. शेवटी तपासणीचा दिवस जवळ आला की तिचं जेवणच तुटायचं. तिच्या डॉक्टरांनी मग दोनच तारखा ठरवून दिल्या, आठव्यात एक आणि एनटीची एक. मधे काही झालं तर कधीही फोन. तिला त्यानं बरं वाटलं. स्वभावाचा फार मोठा भाग आहे यात.

टेम्सकाठ

मी इंग्लंडात असते. इकडे सरकारी व्यवस्थेत पहिली नेहमीची सोनोग्राफी ११ ते १४ आठवड्यांतच होते. त्याआधी बघायचं तर दुखणं किंवा रक्तस्राव हवा, मग अर्ली प्रेग्नन्सी युनिटला पाठवतात. काही युनिटं आधी मिसकॅरेज झालेल्यांना सातव्या-आठव्याच्या सुमाराला बोलावतात, काही नाही. पहिल्यांदा माझा फार संताप झाला होता. आई फोनवर म्हणायची, "अगं आपल्याकडे गल्लीच्या टोकाला मशीन आहे!"

मिसकॅरेजनंतरच्या खेपेला माझ्या मिडवाइफनं (गरोदरपणात काळजी घेणाऱ्या नर्सनं) विचारलेला एक प्रश्न इथे देते, कारण मला त्यानंच ठरवता आलं: "बातमी वाईट असेल तर ती तुला कुठल्या दिवशी, कुणाबरोबर असताना ऐकायला चालेल?" मी नवऱ्याच्या दौऱ्याचा आठवडा टाळला आणि शुक्रवारची वेळ घेतली. चांगली बातमी कुठल्याही वारी चालते.

कातरवेळ

टेम्सकाठ, हे वाचून थांबले आणि नवऱ्याला वाचून दाखवलं. मागच्या वेळी तो बाहेर बसला होता. आत मी एकटी होते. आत काय झालं ते बाहेर येऊन मलाच त्याला सांगावं लागलं.

नाममात्र

इथे पुरुष आयडी कमी दिसतात म्हणून लिहितो.

बाहेर बसलेला मीही होतो. समोर टीव्ही चालू, आजूबाजूला सातव्या-आठव्या महिन्यातल्या बायका, कुणाच्या तरी हातात पेढे. बायको बाहेर आली आणि तिनं फक्त मान हलवली. तिथे रडायलासुद्धा जागा नव्हती. आम्ही पार्किंगमध्ये उभे राहिलो.

पुढच्या वेळी मी दोन दिवस आधी सेंटरला फोन करून काय काय बोललो ते लिहितो, कुणाला उपयोग झाला तर व्हावा. एक, आधी मिसकॅरेज झालंय हे फाइलवर आधीच लिहून ठेवा, आत गेल्यावर तिला सांगायला लावू नका. दोन, सकाळची पहिली वेळ द्या, म्हणजे तास-तास बसावं लागणार नाही. तीन, मला आत येऊ द्या. काही ठिकाणी नवऱ्याला सोडत नाहीत, त्यांचे नियम असतात, पण कारण सांगितलं तर बरेच डॉक्टर ऐकतात. आमचे ऐकले. चार, बघत असताना गप्प राहू नका, जे दिसतंय ते सांगत राहा.

हे सगळं फोनवर बोलताना माझा आवाज कापत होता. पण पलीकडच्या रिसेप्शनिस्ट बाईंनी एकेक मुद्दा लिहून घेतला.

ध्वनिलहरी

नाममात्र यांचा चौथा मुद्दा आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. आम्ही मापं घेताना गप्प होतो कारण लक्ष पडद्यावर असतं, आणि आधी दुःख सोसलेल्या बाईला त्या शांततेत सगळं संपल्यासारखं वाटतं. आत गेल्यागेल्या सांगा, "डॉक्टर, ठोके दिसले की आधी तेवढं सांगा, मापं नंतर घ्या." यात काहीही गैर नाही.

ठोके ऐकवण्याचा आग्रह मात्र पहिल्या तीन महिन्यांत धरू नका. ऐकवण्यासाठी डॉप्लर लागतो. त्यात ध्वनिलहरींची ऊर्जा एके ठिकाणी जास्त जाते, म्हणून इतक्या लहान गर्भावर तो उगाच वापरायचा नाही अशी शिस्त आहे. पडद्यावर ठोके बघता येतात आणि त्यांचा आलेख काढून मोजताही येतात. तेवढं पुरतं.

सुमनआजी

मी या धाग्यावर वयानं सगळ्यांत मोठी असेन. कातरवेळ, तुझ्या सासूबाईंच्या बाजूनं दोन शब्द बोलते, रागावू नकोस.

आमच्या वेळी मशीन नव्हतं. माझं चौथ्या महिन्यात गेलं, तेव्हा घरात कुणी त्याचा विषयसुद्धा काढला नाही. तिसऱ्या दिवशी मी चुलीपुढे होते. नंतर ऐंशीच्या दशकात गावोगाव मशिनं आली, तेव्हा ती कशासाठी वापरली गेली हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय. शेजारची सून मशिनखाली जाऊन आली की पुढच्या आठवड्यात ती "पडली" म्हणून कळायचं. त्यावर आपल्या राज्यानं १९८८ साली लिंगनिदानाविरुद्ध कायदा केला, मग १९९४ साली देशाचा झाला. आमच्या पिढीच्या बाईला मशीन म्हटलं की पोटात धस्स होतं ते उगाच नाही. काहींना तर तो एक्स-रेच वाटतो. किरण लागतील अशी भीती असते.

सासूबाईंना जवळ बसवून सांग की यात किरण नसतात, हा आवाजाचाच प्रकार आहे, कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाचा. आणि विचार त्यांना, त्यांचं कधी काही गेलं होतं का. माझ्या सुनेनं मला विचारलं तेव्हा मी पहिल्यांदा तोंडातून काढलं.

कातरवेळ

आजी, काय लिहू. आज संध्याकाळी विचारते.

लाल_माती

इथे बहुतेकजणी शहरातल्या आहेत, म्हणून आमच्या बाजूचं लिहिते. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या आतल्या गावात आशांबरोबर काम करते. आमच्याकडे "सहावा की आठवा" हे बाईच्या मनावर नसतं, सोनोग्राफीचे डॉक्टर तालुक्याला कुठल्या वारी येतात त्यावर असतं. आणि एसटीवर.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात तज्ज्ञांकडून मोफत तपासणी होते, पण ती योजना चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांसाठी आहे. पहिल्या तीन महिन्यांत बाई एकटीच असते. म्हणून आम्ही सांगतो, पाळी चुकली की आशाताईकडे लवकर नाव घाल, आणि आधी गर्भ गेला असेल तर ते माता-बाल कार्डावर लिहून घे. डॉक्टरांची चिठ्ठी आणि आधारकार्ड घेतल्याशिवाय निघू नका. पीसीपीएनडीटी, म्हणजे लिंगनिदानबंदीच्या कायद्याखाली प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा एफ फॉर्म भरावा लागतो आणि त्यात कारण लिहावं लागतं. गर्भ पिशवीत आहे का आणि जिवंत आहे का हे बघणं हे त्यातलं मान्य कारण आहे, त्यामुळे लवकरच्या तपासणीला कायद्याची आडकाठी नाही. चिठ्ठी नव्हती म्हणून दोन बस बदलून आलेली बाई परत गेलेली मी बघितली आहे. फार वाईट वाटतं.

जायचं एकदाच परवडत असेल तर ध्वनिलहरीताईंचं बरोबर आहे. दुखत नसेल, रक्त जात नसेल, तर सात भरल्यावर जा. एका खेपेत उत्तर मिळालं पाहिजे.

आंबोली

एक शंका. बीटा एचसीजीचं (गरोदरपणात रक्तात वाढणाऱ्या हार्मोनच्या तपासणीचं) काय? माझ्या मैत्रिणीनं पाचव्या आठवड्यात एक दिवसाआड रक्त तपासून घेतलं. ४८ तासांत दुप्पट झालं नाही म्हणून ती रात्रभर रडली. आता तिला सातवा महिना आहे.

ध्वनिलहरी

४८ तासांत दुप्पट हा ढोबळ आडाखा आहे. निरोगी गर्भधारणेतही वाढ त्याहून कमी असू शकते, सुरुवातीला निम्म्यानं वाढली तरी चालतं, आणि आकडा वर गेला की वेग आपोआप मंदावतो. ट्यूबचा संशय असेल किंवा सोनोग्राफीत काहीच दिसत नसेल तेव्हा या तपासणीचा उपयोग मोठा आहे. नुसत्या मनाच्या समाधानासाठी केली तर ती समाधान देत नाही. तेच घरी रोज किटवरची रेघ किती गडद झाली ते बघण्याचं. ते तर कृपया बंदच करा.

शुभ्रा_के

आणि प्रोजेस्टेरॉन, गर्भ टिकावा म्हणून देतात ते हार्मोन? मला पहिल्या दिवसापासून दिलं होतं. इथे जवळजवळ सगळ्यांनाच देतात.

ध्वनिलहरी

हे खरं स्त्रीरोगतज्ज्ञांचं क्षेत्र, तरी माहीत आहे तेवढं सांगते. वारंवार मिसकॅरेज झालेल्यांना टेस्ट पॉझिटिव्ह आल्यापासून ते देऊन बघितलं, त्या २०१५ मधल्या मोठ्या अभ्यासात ठळक फरक दिसला नाही. २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये चार हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास झाला, सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तस्राव होणाऱ्यांचा. सगळ्यांचा मिळून फायदा ठामपणे दिसला नाही, पण रक्तस्राव होतोय आणि आधी मिसकॅरेजही झालंय अशांमध्ये तो दिसला. त्यावरून २०२१ पासून तिथल्या मार्गदर्शक सूचनांत आहे की दोन्ही असतील आणि सोनोग्राफीत गर्भ पिशवीत असल्याचं दिसलं तर ते द्यावं.

म्हणून, कातरवेळ, एवढं पक्कं ठेवा. स्पॉटिंग सुरू झालं तर ठरवलेल्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. तिथे लवकरच्या सोनोग्राफीनं उपचार खरोखर बदलू शकतो. आत्ता गोळ्या चालू असतील तर मनानं बंदही करू नका.

मनस्विनी७

जरा वेगळं, पण नोकरी करणाऱ्यांसाठी लिहून ठेवते. मिसकॅरेज झालं तर १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात सहा आठवड्यांची पगारी रजा होती, डॉक्टरांचा दाखला द्यावा लागतो. २०२५ मध्ये त्याच्या जागी लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद ठेवली आहे. एचआरलाच माहीत नसतं बऱ्याचदा. माझी बहीण सिक लीव्ह संपवून, बिनपगारी काढून, तिसऱ्या आठवड्यात कामावर जाऊन बसली होती. तिचा हक्क होता आणि तिला कुणी सांगितलंच नाही.

कातरवेळ

काल रात्री साबांशी बोलले. त्यांचं माझ्या नवऱ्याच्या आधी एक गेलं होतं. त्याला स्वतःला माहीत नव्हतं. आम्ही तिघं बराच वेळ बसलो होतो, जेवणं तशीच राहिली.

आमचं ठरलं ते लिहिते. गर्भाच्या हिशोबानं सात भरल्यावरची तारीख घेतली आहे. शनिवार सकाळ, पहिली वेळ. नवरा आत येणार. त्यानं सेंटरला फोन करून नाममात्र यांनी सांगितलेलं सगळं सांगितलं आणि त्यांनी हो म्हटलं. ठोके असतील-नसतील ते आधी सांगा, मापं नंतर, हेही कळवलंय. डॉक्टरांना पाळीच्या दिवसांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, मग आठवाच बरोबर, आणि मधे काहीही वाटलं तर रात्रीसुद्धा फोन कर. नंबर दोघांच्या मोबाइलमध्ये आहे. पुढची तपासणी थेट एनटीची, मधे एखादी हवीशी वाटली तर मागायची आणि मागताना लाजायचं नाही, हे शुभ्रामुळे. त्या शनिवारी साबा घरीच थांबणार आहेत. जे असेल ते त्यांना आम्ही दोघं मिळून सांगणार.

भीती गेलेली नाही. रोज सकाळी उठल्या उठल्या मळमळ होतेय का ते बघते. पण "उद्या जाऊ का" हा प्रश्न डोक्यातून गेला, आणि त्यानं फार मोकळं वाटतंय.

शुभ्रा_के

रोज आठवण काढीन तुझी. आणि मळमळ एखाद्या दिवशी कमी झाली तरी त्यावरून काही ठरवू नकोस. माझी तर येऊन जाऊन असायची.

पाऊलखुणा

धागा पूर्ण वाचला. माझी दोन मिसकॅरेज झालीत, दोन्ही नवव्याच्या आसपास. तीन झाल्याशिवाय तपासण्या करत नाहीत असं मला सांगितलं गेलंय. आता पुन्हा पॉझिटिव्ह आलंय. मी पण आठव्यापर्यंत नुसतं थांबू का?

ध्वनिलहरी

पाऊलखुणा, सोनोग्राफीसाठी थांबलात तरी डॉक्टरांकडे जायला थांबू नका. या आठवड्यातच जा. तीनची अट काही सूचनांत आहे, पण युरोपातल्या तज्ज्ञांच्या सूचना दोननंतरच तपासावं असं म्हणतात, आणि तिसरं होईपर्यंत वाट बघायला लावू नये असं माझंही मत आहे. थायरॉइड आणि अँटीफॉस्फोलिपिड अँटिबॉडीज (रक्तात गुठळ्या व्हायला कारण ठरणाऱ्या) यांबद्दल विचारा. त्या अँटिबॉडीज निघाल्या तर अॅस्पिरिन आणि हेपॅरिनची (रक्त पातळ ठेवणारी) इंजेक्शनं असा उपचार आहे आणि तो सुरुवातीच्या आठवड्यांतच चालू करावा लागतो. पिशवीत पडदा आहे का ते आधीच्या रिपोर्टांत बघितलंय का, तेही विचारा. टॉर्च नावाचं, काही संसर्ग तपासायचं महागडं पॅनेल कुणी लिहून दिलं तर ते कशासाठी हे जरूर विचारा, वारंवार मिसकॅरेजचं कारण शोधायला त्याचा उपयोग नाही. आणि मागच्या वेळी क्युरेटिंगनंतर गुणसूत्रांची तपासणी केली असेल तर तो रिपोर्ट आधी शोधा.

पाऊलखुणा

केली होती. रिपोर्ट घ्यायला आम्ही परत गेलोच नाही, मनच झालं नाही. आता भावाला पाठवते आणायला. डॉक्टरांची वेळ परवाची मिळाली आहे.

ध्वनिलहरी

रिपोर्ट सोबत घेऊनच जा, आणि दोन्ही वेळच्या सोनोग्राफीचे कागदही. नेमक्या कुठल्या मापाला वाढ थांबली होती ते त्यात लिहिलेलं असतं, डॉक्टरांना लागेल ते. काय सांगतात ते इथे लिहा.